सतरा अर्ज, एक मोबाईल

समितीत माझं नाव कुणी घातलं ठाऊक नाही.
संख्याशास्त्र शिकवतो, एवढाच गुन्हा.
विद्यापीठाचं पत्र आलं :
प्रवेशप्रक्रिया नीट चालते का ते तपासावे,
पंधरा दिवसांत, चार प्रतींत.

तक्ते देखणे होते.
पहिली यादी, दुसरी यादी, रिक्त जागा.
दुसरीत नाव लागून पैसे न भरलेले एकसष्ट.
शेजारी मागच्या समितीचा शेरा : विद्यार्थी उदासीन.

मी नुसता मोबाईलचा रकाना क्रमाने लावला,
सवय म्हणून,
तर सतरा ओळी सरकत सरकत जवळ आल्या
आणि एकाच नंबरखाली दाटीवाटीनं बसल्या,
टमटममध्ये बसतात तशा.

लावला तो नंबर.
"मुंजाजी नेट कॅफे, सोनपेठ.
झेरॉक्स, पॅनकार्ड, पीकविमा. बोला."

परभणीहून गेलो. दुकान गिरणीला लागून,
की-बोर्डवर ज्वारीच्या पिठाचा थर,
फक्त ज्या अक्षरांची नावं गावात जास्त
तेवढी बटणं काळी.
मुंजाजीनं दोनशे पानी वही काढली.
पानाला एक लेकरू : जन्मतारीख, आईचं नाव, पासवर्ड.
पासवर्ड सगळ्यांचा एकच.

"लेकरांकडं फोन कुठून असंल सर?
घरात एक. तो बापाच्या खिशात,
आन् बाप चाकणला वॉचमन.
ओटीपी पाच मिन्टात मरतो.
म्हणून समद्यांना मपलाच नंबर देतो मी."

मग दुसऱ्या यादीचं काय झालं, विचारलं.
तो वहीचा कोपरा दुमडत बसला.
"मेव्हणीचं लगीन होतं सेलूला. तीन दिस.
मेसेज आलेला. डीजेपुढं नाचत होतो मी.
आलो, पाह्यलं, तवर मुदत गेल्ती."

"कुणी भांडलं?"
"दोघं-तिघं. ती दैवशाला कुंडगीर नाही भांडली.
ब्याऐंशी टक्के, बीएस्सीला लागली होती.
म्हणली, दादा, आधारची झेरॉक्स उरली असंल तर द्या.
आन् वरून दोन रुपये देऊ लागली."

गिरणी थांबली. एकदम फार शांत झालं.
मग त्यानंच विचारलं,
"तुमचं ॲडमिशन कसं झालं होतं सर?"

त्र्याऐंशी साल, औरंगाबाद.
भूगोलाची रांग लिंबाच्या झाडापर्यंत.
शेजारच्या खिडकीत एक कारकून डबा खात होता,
म्हणाला, पोरा, उन्हात कशाला, इकडं ये, इथं कुणी नाही.
ती खिडकी संख्याशास्त्राची होती.
पस्तीस वर्षं मी मुलांना संभाव्यता शिकवतो आहे.
हे मुंजाजीला सांगितलं,
तो हसला नाही, वहीत बघत राहिला.

रात्री अहवाल लिहायला बसलो.
एका नंबरावर अनेक अर्ज, हरकत घ्यावी,
असं लिहिलं तर पुढच्या जूनमध्ये
संगणक तो नंबर नाकारील,
आणि सोनपेठचा तक्ता अगदी स्वच्छ दिसेल.
नाही लिहिलं, तर मुंजाजीला
अजून दोन मेव्हण्या आहेत. मी विचारून घेतलं होतं.

शेवटी शिफारस क्रमांक चार :
पैसे भरण्याची मुदत तीन दिवसांऐवजी दहा करावी.
कारण : लग्नसराई.
अध्यक्षांनी कारण लाल शाईनं खोडलं,
वर लिहिलं, स्थानिक परिस्थिती.
सही केली मी. चारही प्रतींवर.

दैवशालाशी एकदा बोलायचं होतं.
काय बोलणार होतो ते नक्की नव्हतं,
कदाचित एवढंच, की तू उदासीन नव्हतीस
हे मी कुठंतरी लिहिलंय. लिहिलं नव्हतं.
अर्ज काढला, तिच्या नावापुढचा नंबर लावला.
व्यस्त होता.
पाच मिनिटं थांबलो, ओटीपी जगतो तेवढी,
आणि पुन्हा लावला.